नव्या कर्नलला चार्ज देताना रजिस्टरं किती पुसायची?

मशीन बंद न करता चालू लिनक्समधून थेट दुसरा कर्नल सुरू करायची सोय म्हणजे केएक्झेक. ती २००५ साली, लिनक्स २.६.१३ मध्ये आली. तेव्हापासून तिचा असेंब्ली कोड पहिल्यांदा वाचणारा जवळजवळ प्रत्येक जण एकाच जागी अडखळतो. त्या फाइलमध्ये एकाखाली एक, रजिस्टर शून्य करणाऱ्या पंधरा ओळी दिसतात. तुमच्यापैकी अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारलं आहे: एवढी पुसापुशी कशासाठी? नाही केली तर काय बिघडेल? आणि सगळं पुसलं जात असेल, तर क्रॅशनंतरच्या डंपमध्ये जुनी मूल्यं येतात कुठून?

आधी थोडक्यात उत्तर. सरकारी कचेरीत बदली झालेला माणूस नव्याला चार्ज देतो तेव्हा एक यादी असते. यादीत जे लिहिलंय ते मोजून द्यायचं, बाकी खणात स्वतःचं काही ठेवायचं नाही. रजिस्टरांचंही तेवढंच आहे. यादी कोणती आणि खण कोणते, हे कळलं की निर्णय सोपे होतात.

आधी ठरवा: तुम्ही कोणत्या पुसण्याबद्दल बोलताय?

लिनक्समध्ये रजिस्टरं तीन वेगळ्या ठिकाणी पुसली जातात. प्रश्न विचारताना ती एकमेकांत मिसळली की उत्तरंही चुकतात.

- कर्नलमध्ये शिरताना. सिस्टिम कॉल किंवा इंटरप्टच्या वेळी प्रोग्रॅमची मूल्यं स्टॅकवर ठेवून रजिस्टरं शून्य करतात. स्पेक्टर प्रकरणानंतर, २०१८ मध्ये ही पद्धत आली. प्रोग्रॅमने पेरलेली मूल्यं घेऊन प्रोसेसरने कर्नलमध्ये भलते अंदाज बांधू नयेत, हा हेतू.
- फंक्शनमधून परतताना. जीसीसी ११ पासून कंपायलरला तसा पर्याय देता येतो, आणि लिनक्स ५.१५ पासून कर्नल बांधतानाही तो निवडता येतो. हल्लेखोराला कोडचे सुटे तुकडे जोडून वापरणं अवघड जावं, म्हणून ही तजवीज.
- एका कर्नलकडून दुसऱ्याकडे जाताना. हा आपला आजचा विषय. इथे हल्लेखोर मध्ये कुठेच नाही.

तुमचा प्रश्न पहिल्या दोन प्रकारांपैकी असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

चार्ज कोणकोणत्या हातांतून जातो

चौसष्ट बिटी एक्स८६ मशीनवर घटना साधारण अशा क्रमाने घडतात. आकडे लक्षात ठेवा, पुढे संदर्भ येईल.

1. नवा कर्नल, त्याची सुरुवातीची रॅमडिस्क आणि कमांड लाइन मेमरीत चढवली जाते. त्यांची पानं अजून अंतिम जागी नसतात, जिथे जागा मिळेल तिथे विखुरलेली असतात.
2. निघायची वेळ आली की उपकरणांना थांबायला सांगितलं जातं, बाकीचे प्रोसेसर थांबवले जातात, इंटरप्ट बंद होतात.
3. एका राखीव पानावर ठेवलेल्या छोट्या असेंब्ली कोडकडे नियंत्रण जातं. हा कोड फ्लॅग शून्य करतो, आणि भौतिक पत्ता व आभासी पत्ता एकच असेल अशा पेज टेबलवर येतो. जुना स्टॅक पुसला जाणार असतो, म्हणून त्याच पानाच्या टोकाला तो स्वतःचा स्टॅक मांडतो.
4. नियंत्रण रजिस्टरं ठरलेल्या स्थितीत आणली जातात.
5. विखुरलेली पानं अंतिम जागी नेली जातात. जुन्या कर्नलची घरं इथे मोडतात. साध्या उडीत यापुढे परत फिरता येत नाही.
6. पंधरा सामान्य रजिस्टरं शून्य होतात आणि एक रिटर्न होतो.
7. हा रिटर्न बहुधा थेट कर्नलमध्ये पोचत नाही, ‘पर्गेटरी’ नावाच्या मधल्या तुकड्यात पोचतो. तो चढवलेल्या भागांची एसएचए-२५६ बेरीज ताडून पाहतो, नव्या कर्नलला हवी असलेली मूल्यं रजिस्टरांत भरतो आणि मग उडी मारतो.

म्हणजे सहावी पायरी पाटी पुसते आणि सातवी तिच्यावर लिहिते. दोन्ही कामं एकाच ठिकाणी शोधत बसू नका, सगळ्यांत जास्त गोंधळ तिथेच होतो. ‘आरएसआयमध्ये पॉइंटर हवा असं कागदावर लिहिलंय, मग इथे तो शून्य कसा?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे की तुम्ही पाटी पुसल्यानंतर आणि लिहिण्याआधी पाहिलीत.

सोळापैकी पंधराच का, हेही बरेच जण विचारतात. सोळावं आरएसपी, म्हणजे स्टॅकचा पॉइंटर. नव्या कोडचा पत्ता आधीच स्टॅकवर ठेवलेला असतो आणि शेवटचा रिटर्न तिथूनच तो उचलतो. आरएसपी शून्य केलात तर बसलेली फांदी तोडलीत.

यादीत नेमकं काय लिहिलंय

प्रत्येक प्रोसेसर-घराण्याचा बूट करार वेगळा आहे आणि तो कर्नलच्या सोर्सबरोबर येणाऱ्या दस्तऐवजांत लिहिलेला आहे. मंचावरची उत्तरं वाचण्याआधी तो वाचा. ठळक अटी अशा:

- एक्स८६, बत्तीस बिटी प्रवेश: ईएसआयमध्ये बूट माहितीच्या रचनेचा पत्ता. ईबीपी, ईडीआय आणि ईबीएक्स ही तिन्ही शून्यच हवीत, तसं स्पष्ट लिहिलंय.
- एक्स८६, चौसष्ट बिटी प्रवेश: आरएसआयमध्ये तोच पत्ता. प्रवेशाची जागा कर्नल चढवलेल्या पत्त्यापासून ५१२ बाइट पुढे. पेजिंग चालू हवं, इंटरप्ट बंद हवेत. बाकीच्या रजिस्टरांबद्दल करार गप्प आहे.
- आर्म, चौसष्ट बिटी: एक्स० मध्ये डिव्हाइस ट्रीचा भौतिक पत्ता. एक्स१, एक्स२, एक्स३ शून्य, कारण ती भविष्यासाठी राखून ठेवली आहेत. एमएमयू बंद हवं.
- आर्म, बत्तीस बिटी: आर० शून्य, आर१ मध्ये मशीनचा क्रमांक, आर२ मध्ये टॅगच्या यादीचा किंवा डिव्हाइस ट्रीचा पत्ता.
- रिस्क-व्ही: ए० मध्ये हार्टचा क्रमांक, ए१ मध्ये डिव्हाइस ट्रीचा पत्ता, आणि एसएटीपी शून्य, म्हणजे एमएमयू बंद.

चौसष्ट बिटी एक्स८६ ला पेजिंग चालूच लागतं आणि आर्मला एमएमयू बंदच लागतं, हा विरोध नीट पाहा. एका मशीनवर शिकलेली सवय दुसरीकडे नेलीत तर पहिल्याच सूचनेला मशीन गप्प होईल.

आर्मच्या अटीतला ‘राखून ठेवली आहेत’ हा शब्दप्रयोग मला फार शहाणपणाचा वाटतो. आज त्या रजिस्टरांना अर्थ नाही. उद्या कोणी एक्स१ ला अर्थ दिला, तर जुन्या बूटलोडरकडून येणारं शून्य ‘ही सोय माझ्याकडे नाही’ असं वाचता येईल. जुना बूटलोडर तिथे कचरा सोडत असता, तर ती वाट कायमची बंद झाली असती.

मग चौसष्ट बिटी एक्स८६ वर करार गप्प असूनही उरलेली रजिस्टरं का पुसायची? दोन कारणं आहेत. एक तर पुढे लिनक्सच असेल असं नाही. मल्टीबूट पद्धतीचा हायपरवायझर असू शकतो, मेमरी तपासणारा एखादा छोटा प्रोग्रॅम असू शकतो. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं: जुनी मूल्यं राहिली तर दर वेळी वेगळी राहतील. मग पुढच्या कोडमधली चूक एखाद्या दिवशी दिसेल, एखाद्या दिवशी दिसणार नाही. शून्य केलं की ती दर वेळी सारखीच दिसते, आणि सारखी दिसणारी चूकच पकडता येते.

मात्र याची उलट बाजूही आहे, आणि तिचा चटका मला स्वतःला बसलाय. शिकण्यासाठी मी एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला होता. तो आरबीएक्स मोजणीला वापरायचा आणि आधी शून्य करायला मी विसरलो होतो. केएक्झेकमधून तो कितीतरी महिने बिनबोभाट चालला, कारण आरबीएक्स पुसून मिळत होतं. एकदा दुसऱ्या एका बूटलोडरवरून चालवला आणि पडद्यावर काळोख. दोन संध्याकाळी मी त्या बूटलोडरला दोष दिला. दोष माझा होता, करारात नसलेलं शून्य मी हक्काचं मानलं होतं.

तेव्हा नियम दोन बाजूंनी पाळा. देणारे असाल तर यादीबाहेरचं सगळं शून्य करून द्या. घेणारे असाल तर यादीबाहेरचं काहीही शून्य मिळेल असं धरू नका.

जे पुसायचं नाही

स्वतःचा हस्तांतराचा कोड लिहिणाऱ्यांची गाडी इथेच रुळावरून घसरते. सामान्य रजिस्टरं पुसणं सोपं आहे. तीच धडाडी नियंत्रण रजिस्टरांवर दाखवलीत तर प्रोसेसर तिथल्या तिथे अपवाद फेकतो. तो पकडायला त्या क्षणी कोणी नसतं, कारण अपवादांचा तक्ता आधीच मोडीत काढलेला असतो. परिणाम एकच: मशीन रीसेट. लॉगमध्ये एक ओळ नाही.

एक्स८६ वर पुढची पथ्यं पाळा:

- सीआर० मधला पेजिंगचा बिट. चौसष्ट बिटी मोडमध्ये असताना तो थेट उतरवता येत नाही.
- सीआर४ मधला पीएई बिट. लाँग मोड, म्हणजे हाच चौसष्ट बिटी मोड, चालू असेपर्यंत तो राहायलाच हवा.
- पाच पातळ्यांच्या पेज टेबलचा बिट. लाँग मोडमध्ये तो चढवता येत नाही आणि उतरवताही येत नाही. आधी चालू असेल तर तसाच ठेवा, नसेल तर नसू द्या. आपण निवडायची ही गोष्टच नाही.
- सीईटी आणि लेखनसंरक्षण. सीईटी चालू असताना सीआर० मधलं लेखनसंरक्षण काढता येत नाही. आधी सीआर४ मधून सीईटी उतरवा, मग दुसरं. क्रम उलटला की खेळ संपला.
- मशीन चेकचा बिट. साध्या मशीनवर तो शून्य करता येतो. इंटेलच्या टीडीएक्स संरक्षित गेस्टमध्ये त्याला हात लावला की अपवाद येतो, म्हणून तिथे तो जपून ठेवावा लागतो.
- व्हीएमएक्स. हायपरवायझर चालू असेल तर आधी व्हीएमएक्स रीतसर बंद करा. ते चालू असताना सीआर४ मधला त्याचा बिट उतरत नाही. शिवाय त्या स्थितीतला प्रोसेसर आयएनआयटी संकेत रोखून धरतो, त्यामुळे नवा कर्नल बाकीचे प्रोसेसर जागे करायला जातो आणि ते उठतच नाहीत.

लिनक्सच्या कोडमध्ये म्हणूनच सीआर० आणि सीआर४ ‘ठरलेल्या स्थितीत’ आणले जातात, शून्यावर नाही. पेजिंग आणि संरक्षित मोड चालू. अलाइनमेंट तपासणी, लेखनसंरक्षण, टास्क स्विचची खूण आणि फ्लोटिंग पॉइंटची नक्कल बंद. ती यादी जशीच्या तशी उचला, स्वतःची अक्कल लावू नका.

फ्लॅगांबद्दल एक गंमत. कोड आधी फ्लॅग शून्य करतो आणि नंतर एक्सॉर सूचनेने रजिस्टरं शून्य करतो. एक्सॉरचं उत्तर शून्य आलं की शून्याचा आणि पॅरिटीचा फ्लॅग आपोआप चढतो. त्यामुळे डीबगरमध्ये फ्लॅग शून्य न दिसल्यास घाबरू नका. महत्त्वाचे दोनच: इंटरप्टचा फ्लॅग, आणि स्ट्रिंग सूचना पुढे जायच्या की मागे हे ठरवणारा दिशेचा फ्लॅग. ते दोन्ही उतरलेले असतात.

‘रीसेट केला की सगळं शून्य होतंच ना?’ असंही विचारलं जातं. होत नाही. एक्स८६ वर प्रत्यक्ष हार्डवेअर रीसेटनंतरही ईडीएक्समध्ये प्रोसेसरच्या ओळखीचा आकडा असतो. आणि आयएनआयटी संकेत तर व्हेक्टर रजिस्टरं, कॅश आणि मॉडेलनुसार असणारी रजिस्टरं आहेत तशीच सोडतो.

गुपितं पुसली जातात का?

नाही. या एका गैरसमजामुळे लोक चुकीचे निर्णय घेतात. हिशोब करून पाहा. पंधरा रजिस्टरं, प्रत्येकी ८ बाइट, एकूण १२० बाइट पुसले जातात. एव्हीएक्स-५१२ असलेल्या प्रोसेसरची ३२ व्हेक्टर रजिस्टरं प्रत्येकी ६४ बाइटची, म्हणजे २०४८ बाइट, आणि त्यांना या पंधरा ओळी शिवतसुद्धा नाहीत. मेमरीचं तर विचारूच नका. नव्या कर्नलच्या पानांखाली न आलेला जुना डेटा तिथेच पडून असतो.

मशीन दुसऱ्याच्या हाती द्यायचं असेल किंवा डिस्कच्या किल्ल्यांची काळजी असेल, तर हे करा:

- किल्ल्या वापरणारे प्रोग्रॅम आधी बंद करा आणि एन्क्रिप्टेड डिस्क रीतसर बंद करा.
- लिनक्स ५.३ पासून मोकळी होणारी मेमरी लगेच शून्य करायचा बूट पर्याय आहे. तो पहिल्या कर्नलला सुरुवातीपासून दिलेला हवा, निघताना देऊन उपयोग नाही.
- शंका असेल तर केएक्झेक नको. वीज बंद करून मशीन नव्याने चालू करा.

मग क्रॅश डंपमध्ये मूल्यं येतात कुठून?

केडंपमध्ये कर्नल कोसळला की आधीपासून राखून ठेवलेल्या मेमरीत बसवलेला दुसरा कर्नल सुरू होतो. तिथेही पंधरा ओळी चालतात. पण त्याआधीच, कोसळण्याच्या क्षणी, कर्नल आपली रजिस्टरं एका टिपणात उतरवून ठेवतो. बाकीच्या प्रोसेसरांना न रोखता येणारा इंटरप्ट पाठवला जातो आणि तेही आपापली मूल्यं उतरवून थांबतात. दुसरा कर्नल ही टिपणं डंपच्या फाइलमध्ये दाखवतो आणि क्रॅश हे साधन ती वाचतं.

तेव्हा एखाद्या प्रोसेसरची रजिस्टरं डंपमध्ये दिसत नसतील तर पुसण्याला दोष देऊ नका. तो प्रोसेसर वेळेत थांबला की नाही, ते बघा.

कोणता मार्ग निवडाल

- रोजचं काम, अपडेटनंतर झटपट रीबूट: नवा कर्नल चढवा आणि सिस्टिमसीटीएलचा केएक्झेक आदेश द्या. सेवा बंद होतात, फाइलसिस्टिम उतरवल्या जातात आणि मगच उडी मारली जाते.
- थेट केएक्झेकचा ‘ई’ पर्याय: शटडाउन न करता उडी. प्रयोगाच्या मशीनवर ठीक. डेटाबेस असलेल्या मशीनवर हा वापरणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही.
- ‘पी’ पर्याय: क्रॅशसाठी दुसरा कर्नल तयार ठेवणं. बूटच्या वेळी क्रॅशकर्नल पर्यायाने मेमरी राखलेली हवी.
- संदर्भ राखून उडी: पाहुण्या कोडकडे जाऊन परत जुन्या कर्नलमध्ये यायचं असेल तर असाही पर्याय आहे. त्यात रजिस्टरं पुसून टाकत नाहीत, परतीसाठी जपतात. पंधरा ओळींच्या आधी जी अट तपासलेली दिसते ती याचसाठी.

उडीनंतर काही मिनिटांनी मेमरी बिघडल्यासारखी लक्षणं दिसली, तर रजिस्टरांपेक्षा आधी नेटवर्क कार्डाकडे बघा. नीट न थांबलेलं उपकरण जुन्या पत्त्यांवर डेटा लिहीतच राहतं आणि ते पत्ते आता नव्या कर्नलचे असतात. राखीव मेमरीतला क्रॅश कर्नल यातून वाचतो, कारण त्या जागेचा पत्ता कुठल्याच उपकरणाला दिलेला नसतो.

स्वतः तपासायचं असेल तर

1. क्यूईएमयूमध्ये आभासी मशीन चालवा आणि जीडीबी जोडा. खऱ्या सर्व्हरवर हा प्रयोग नको.
2. ब्रेकपॉइंट हार्डवेअरचाच लावा. सॉफ्टवेअरचा ब्रेकपॉइंट मेमरीतला बाइट बदलून बसवतात. पाचव्या पायरीत त्या जागेवर नवी पानं येतात आणि तुमचा ब्रेकपॉइंट पुसला जातो. केव्हीएम वापरताना हे हमखास होतं.
3. पेज टेबल बदलल्यावर चिन्हांची नावं जुळणार नाहीत. भौतिक पत्ते आधी कागदावर लिहून ठेवा.
4. पर्गेटरीच्या पहिल्या सूचनेवर थांबा. पंधरा शून्यं इथे दिसली पाहिजेत. मग नव्या कर्नलच्या प्रवेशावर थांबा. इथे आरएसआयमध्ये पत्ता दिसायला हवा.
5. पहिला थांबा मिळाला आणि दुसरा आलाच नाही, तर बेरीज जुळली नसण्याचा संशय घ्या. पर्गेटरी अशा वेळी सहसा तक्रार करत नाही, जागच्या जागी फिरत राहते.

तुमचे अधिकार, आणि त्यांच्या मर्यादा

नवा कर्नल चढवायला सिस्टिम बूट करण्याची क्षमता लागते, जी साधारणपणे रूटकडे असते. ती असूनही नकार मिळत असेल तर दोन कारणं तपासा. एक, प्रशासकाने केएक्झेक बंद करणारी सेटिंग १ केलेली असू शकते. ती एकदा १ झाली की रीबूट होईपर्यंत ० करता येत नाही, रूटलाही नाही. दुसरं, सिक्युअर बूटसोबत लॉकडाउन चालू असेल तर जुना सिस्टिम कॉल बंद असतो. तिथे फाइलवर चालणारा नवा सिस्टिम कॉल आणि सही केलेला कर्नल, एवढाच रस्ता उरतो.

आणखी एक हक्क अनेकांना माहीत नसतो. राउटर, टीव्ही किंवा कुठलंही लिनक्सवर चालणारं उपकरण विकत घेतलं असेल, तर जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार त्यातल्या कर्नलचा सोर्स तुम्हाला मिळायला हवा. हस्तांतराचा असेंब्ली कोडही त्यातच येतो. सोर्स उपकरणासोबत दिलेला नसेल आणि लेखी देकार दिला असेल, तर तो किमान तीन वर्षं लागू असतो.

चूक सापडली आणि कर्नलच्या मेलिंग लिस्टला कळवायची असेल, तर ‘केएक्झेक चालत नाही’ एवढंच लिहू नका. दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या द्या, प्रोसेसरचं मॉडेल द्या, कोणत्या सिस्टिम कॉलने चढवला ते सांगा, मशीन खरं की आभासी तेही सांगा. सिरियल कन्सोलवरच्या शेवटच्या ओळी जशाच्या तशा चिकटवा. आणि जीडीबीतल्या दोन्ही थांब्यांवरची रजिस्टरं द्या, सोळाच्या सोळा, फ्लॅग आणि सीआर० व सीआर४ सकट.